भिंतीला टेकलेली गादी

छावणीत पाळणाघर एकच. नाव पाळणाघर, पण पाळणा एकही नाही, वीस गाद्या. आणि गादीसाठी थांबलेल्यांच्या यादीत सिस्टरच्या मुलीचा नंबर तेविसावा.

मुलगी दोन वर्षांची. खाली पडलेलं काहीही उचलून तोंडात घालायची, म्हणून बापाने तिचं नाव मुंगी पाडलं होतं. बाप हवालदार, सध्या सीमेवर. फोन लागलाच तर आठवड्यातून एकदा, आणि त्यात पहिला प्रश्न हाच, "नंबर आला का?" सिस्टरची सासू गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती, आणि तिची आई आजारी वडिलांमुळे. शेजारणीला स्वतःची दोन होती आणि तिसरं वाटेवर होतं.

सिस्टरला शहरातल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. मेट्रनने स्पष्टच सांगितलं, "एक तारखेला सकाळी सातला हजर व्हा, नाहीतर मी दुसरी बघते. राग मानू नका, मला वॉर्ड चालवायचाय." आज चोवीस तारीख. मागच्या छावणीत एक नोकरी अशीच गेली होती. तिथला नंबर होता अकरा, मुंगी पोटात असतानाच लावलेला. मुंगी रांगली, चालली, बोलायला लागली, बदलीसुद्धा झाली. अकरा काही आला नाही. आता ही नोकरी गेली तर तिसऱ्या ठिकाणी कोण विचारणार, हे सिस्टरला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी ती पाळणाघराच्या खिडकीशी उभी राहिली. एकोणीस मुलं झोपलेली. विसावी गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली.

"ती कुणाची?" तिने विचारलं.

"चौथ्या नंबराची," पाळणाघर चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. चष्मा दोरीने गळ्यात, रजिस्टर मांडीवर. "पत्र टाकलंय. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पाचव्याला टाकायचं."

"चौथा नंबर राहतो कुठे?"

"मागच्याच गल्लीत."

"मग पत्र कशाला, मावशी?"

"तोंडी सांगितलं की लोक नंतर म्हणतात, सांगितलंच नाही. दोनदा भांडणं झाली. तेव्हापासून सगळं लेखी."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. सिस्टरने मनात हिशेब केला, तो साडेनऊ महिन्यांचा निघाला.

"यादीतले अजून इथे राहतात तरी किती?"

"ते मला कसं कळणार? मी मुलं सांभाळते, बदल्या नाही."

"मी घरोघर जाऊन, जागा नको अशा सह्या आणल्या तर?"

मावशींनी चष्मा लावला, नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग उलटा करूनही पाहिला. "लेखी पाहिजे असं आहे. पोस्टानेच पाहिजे असं कुठे नाही."

सिस्टरने एकोणीस पत्ते उतरवून घेतले, मुंगीला काखोटीला मारलं आणि निघाली. चौथ्या नंबराच्या दाराला कुलूप होतं, आणि मावशींचं पत्र दाराच्या फटीत अर्धं आत, अर्धं बाहेर. सैन्यातली माणसं, आज इथे तर उद्या तिथे. एकोणिसांतले बारा कधीच बदलून गेले होते. नव्या भाडेकऱ्यांनी, शेजाऱ्यांनी तसं लिहून दिलं. तीन मुलं शाळेत जायला लागली होती. त्यांतल्या एकाने स्वतःच दार उघडलं आणि आपण पाळणाघरात जाणार नाही असं ठणकावून सांगितलं. दोघींनी गावाहून सासवा आणवल्या होत्या. एका घरातलं मूल अजून जन्मालाच आलं नव्हतं. लग्न झालं त्याच महिन्यात नाव लावून ठेवलेलं. "सही करते," ती नवी नवरी म्हणाली, "पण मागे कुठेतरी नाव राहू द्या हो."

उरला सतरावा नंबर. दुसरा मजला. जिन्यात सिस्टरने ठरवलं होतं, गादी रिकामी आहे हे काही बोलायचं नाही, नुसती सही मागायची.

दार उघडलं. बाई कपड्यांच्या घड्या घालत होती, तीन वर्षांचा मुलगा त्या मोडत होता. सिस्टरच्या तोंडून निघालं, "वहिनी, एक गादी रिकामी आहे. नंबर तुमचा आधी आहे. हवी असेल तर तुमची."

बाईने हातातली घडी खाली ठेवली. "मी बँकेत होते. दोनदा रजा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा नाही म्हणाले. आता गादी घेऊन काय करू?" तिने सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. "मे महिन्यात आल्या असतात तर."

सिस्टरला लाज वाटली. चूक तिची नव्हती, तरी वाटली. जिना उतरताना ती रडली. मुंगीने तिच्या गालावर बोट लावून चाखून पाहिलं.

एक तारखेला मुंगी गादीवर होती आणि सिस्टर सातला पाच कमी असताना वॉर्डात. मावशींनी एकोणीस कागद रजिस्टरला टाचले आणि एवढंच म्हणाल्या, "पोस्टाचा खर्च वाचला."

दहा दिवसांनी मागच्या छावणीतून पत्र आलं, तीन कचेऱ्यांचे शिक्के खात खात. *आपल्या पाल्याचा नंबर (११) आला आहे. पंधरा दिवसांत कळवावे.* वरातीमागून घोडं. सिस्टर हसली, मेट्रनलाही दाखवलं. मग तिची नजर तारखेवर गेली. पत्र आठ दिवसांपूर्वीचं होतं. म्हणजे तिथेही एक गादी आठ दिवस भिंतीला टेकून होती, आणि अजून सात दिवस राहणार होती, मुंगीच्या नावाने.

तिने वॉर्डातल्या फोनवरून पत्रावरचा नंबर फिरवला.

"आमची बदली झाली. माझी जागा पुढच्या नंबराला द्या."

"बरं झालं कळवलंत," पलीकडची बाई म्हणाली. "बाराव्या नंबराला आजच पत्र टाकते."

"राहते कुठे ती?"

"इथेच, समोर. पाण्याच्या टाकीपाशी."

सिस्टरने मेट्रनकडे पाहिलं. मेट्रनने घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"मग तुम्ही जाऊन या," सिस्टर म्हणाली. "मी फोन धरून ठेवते."