उजव्या खिशात उरलेला चिंचोका

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर मोटारसायकल शर्यतीची अंतिम फेरी सुरू व्हायची होती. त्याआधी रसूल शिकलगार यांनी माइक हातात घेतला आणि सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीचा निकाल आपल्यामुळे चुकला असण्याची शक्यता आहे, असे जाहीर केले. त्यांचे वय तेव्हा शहात्तर होते. ते जेमतेम दोन मिनिटे बोलले. मंचावरून खाली उतरल्यावर त्यांनी प्यायला पाणी मागितले.

त्याआधी अकरा वर्षे मी त्यांना ओळखत होतो. पहिली भेट अशाच एका मातीच्या ट्रॅकवर झाली. मी बातमीसाठी गेलो होतो. सगळी गर्दी शेवटच्या रेषेजवळ होती आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ दुसऱ्या वळणावर दोरीला पोट लावून एकटेच उभे होते. शेवटची फेरी लागली तशी लोकांनी रेषेकडे धाव घेतली. या गृहस्थांनी मात्र रेषेकडे पाठ केली आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. कोण जिंकले हे त्यांनी पाहिलेच नाही. मी कारण विचारले.

"पावणं, शेवट कुणीबी बघतंय. वळण बघायला शिका. शर्यत हितं हुतीया. तिकडं नुस्त्या टाळ्या वाजवत्यात."

शिवाजी पेठेत त्यांचे दुचाकीच्या सीट शिवण्याचे दुकान होते. रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, एक जड शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक जुनी स्कूटरची सीट. ते स्वतः कधी शर्यतीत उतरले नव्हते. तसे विचारले की म्हणायचे, "मी पळवणारा न्हाय, बघणारा हाय. बघणारं बी कुणीतरी लागतंय की."

जुन्या शर्यतींविषयी ते तासन्‌तास बोलत. लंबगोल मैदान, पाणी मारून दाबलेली माती, ब्रेक काढून टाकलेल्या टू-स्ट्रोक गाड्या. वळणावर वेग कमी करायचा नसे. मागचे चाक बाहेर फेकायचे, हँडल उलट्या बाजूला वळवायचे आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा. बूट फाटू नये म्हणून त्याच्या तळव्याला लोखंड ठोकत. ते काम बैलांना पत्री मारणाऱ्याकडूनच करून घेत. शिकलगार यांचे मित्र बाळू सुतार यांच्या बुटाला पत्री मारताना शिकलगार स्वतः हजर होते. "बैलाला आठ पत्र्या लागत्यात. बाळूला एकच, डावीकडं. पत्री मारणारा म्हनला, 'आडवा पाडू का ह्याला?' बाळू म्हनला, 'पाड, पन शिंगाला हात लावू नको.'"

आताच्या शर्यतींबद्दलचे त्यांचे मत लिहून घेणे अवघड होते. एका रविवारच्या माझ्या टिपणवहीत दुपारी दोन वाजताची नोंद अशी आहे: "आता गाडीच एवढी हुशार झालीया, डोकं घरात ठिवून आलं तरी चालतंय. मातीच्या उंचवट्यावरनं उड्या मारत्यात. ही शर्यत हाय का सर्कस?" तीन वाजताची नोंद: "ही पोरं आमच्या वेळेला असती, तर आमचा एकबी गडी टिकला नसता." छातीवरच्या प्लास्टिकच्या कवचाला ते 'कासवाची पाट' म्हणत. त्याच दिवशी एक तरुण गाडीसकट दोरीबाहेर गेला आणि कपडे झटकत उठला, तेव्हा म्हणाले, "बरं झालं, कासव हुतं." यातले नेमके कोणते मत छापू, असे मी विचारले.

"दोन्ही छापा. दोन्ही खरं हाय."

"वाचणारा गोंधळेल."

"मग? मला तरी कुठं सुदरतंय?"

एक गोष्ट मात्र ते टाळत. शेवटच्या रेषेजवळ ते कधीच उभे राहत नसत आणि तो विषय निघाला की मशीन सुरू करत. कारण मला ओळखीच्या पाचव्या वर्षी कळले. त्यांनी स्वतःच सांगितले.

त्या काळी फेऱ्या मोजायला यंत्र नव्हते. प्रत्येक गाडीला एक मोजणारा असे आणि तो समोरच्या गाडीच्या बाजूचा घ्यायचा, असा रिवाज होता. कोल्हापूरच्या गाडीच्या फेऱ्या जयसिंगपूरच्या माणसाने मोजायच्या, जयसिंगपूरच्या गाडीच्या कोल्हापूरच्या माणसाने. आपल्याच माणसाला फेरी वाढवून देता येऊ नये, हा हेतू. मोजणाऱ्याने सांगितलेला आकडा अखेरचा. कागद कोणी वापरत नसे, कारण लिहायला मान खाली घालावी लागते. दहा फेऱ्यांसाठी दहा चिंचोके उजव्या खिशात घ्यायचे आणि गाडी रेषेवरून गेली की एक डाव्या खिशात टाकायचा.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम शर्यतीत दोनच गाड्या होत्या. एक कोल्हापूरच्या बाळू सुतार यांची, दुसरी जयसिंगपूरच्या आप्पासाहेब मगदूम यांची. मगदूम यांच्या फेऱ्या मोजायला शिकलगार होते. मध्यावर कुठेतरी मगदूम यांची गाडी वळणावर बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. धुळीत बाळूने त्यांना गाठून पूर्ण एका फेरीने मागे टाकले की नाही, हे कोणालाच दिसले नाही. शेवटी रेषेवर मगदूम पुढे होते. त्यांनी हात वर केला. शिकलगार यांच्या उजव्या खिशात एक चिंचोका उरला होता. त्यांनी तो तळहातावर धरून पंचांना दाखवला. मगदूम यांच्या नऊच फेऱ्या धरल्या गेल्या. मागून आलेल्या बाळूच्या दहा फेऱ्या मगदूम यांच्याच माणसाने मान्य केल्या. ढाल बाळूला मिळाली. मगदूम त्यानंतर शर्यतीत उतरले नाहीत. शिकलगार मित्रासाठी खोटे बोलले, असे ते सगळीकडे सांगत राहिले.

माझ्याकडे या प्रसंगाच्या तीन नोंदी आहेत. तिन्ही शिकलगार यांच्या तोंडच्या. पहिल्यांदा त्यांनी सांगितले, मोजणी बरोबर होती. वर्षभराने सांगितले, "पाचव्या-सहाव्या राऊंडला बाळूची गाडी दोरीकडं सरकली. माझी नजर त्याच्याकडं गेलती. त्या टायमाला आप्पा म्होरनं गेला आसंल तर मला म्हाईत न्हाय." तिसऱ्यांदा सांगितले, की चिंचोके घाईत घेतले होते, ते दहाच होते की अकरा, याची खात्री नाही. यातली कोणती हकीकत खरी, असे मी विचारले. त्यांनी रेक्झिनवर खडूची रेघ ओढली. "तीन म्हैन्यांनी एक खरी वाटतीया, तीन म्हैन्यांनी दुसरी. खोटं मात्र मी बोललो न्हाय. खिशात एक हुता, एक दावला."

मी तपासायचा प्रयत्न केला. शर्यतीचा कागद कुठे मिळाला नाही. पंच हयात नव्हते. मगदूम यांचा हात वर केलेला एक फोटो मिळाला. त्यात फेऱ्या दिसत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नव्या शर्यतीत गाड्यांना काड्यापेटीएवढी डबी लावायला सुरुवात झाली. गाडी रेषेवरून गेली की आकडा थेट संगणकावर पडतो. शिकलगार यांनी पहिल्या दिवशी तिची टर उडवली. दुसऱ्या दिवशी ते वळण सोडून संगणकाच्या टेबलाजवळ जाऊन बसले. ते रेषेजवळ आलेले मी प्रथमच पाहिले. संगणकावर बसलेल्या मुलीला त्यांनी विचारले, "ही चुकत न्हाय?"

"नाही चाचा."

"धूळ झाली तर?"

"तरी नाही."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकंल कशी? हिचा दोस्त पळत न्हाय की ट्रॅकवर."

गेल्या वर्षी संयोजकांनी जुन्या विजेत्यांचा सत्कार ठरवला. बाळू सुतार वारले होते, म्हणून त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंना ढालीसह मंचावर बोलावणार होते. शिकलगार यांना दोन शब्द बोलायला सांगितले. त्यांनी आठवडाभर दुकान बंद ठेवले. मग मला म्हणाले, "बाळू जितला म्हनून बोललो तर आप्पाचं तोंड दिसतंय. न्हाय म्हनलो तर बाळूचं. आधी दोघांच्या घरी जाऊन येतो. तुमी चला. साक्षीला."

आधी आम्ही एसटीने जयसिंगपूरला गेलो. मगदूम मुलाच्या खताच्या दुकानात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शिकलगारांना लगेच ओळखले, बसा म्हणाले नाहीत.

"आप्पा, तुझा एक राऊंड माझ्याकडनं ऱ्हायला आसंल."

"आसंल म्हंजे? ऱ्हायला का न्हाय?"

"ते सांगता येत न्हाय."

मगदूम उठून उभे राहिले. "सत्तेचाळीस वर्सं मी छातीठोक सांगत आलोय, रसूल्या लबाड हाय. आता तू म्हंतोस ठाव न्हाय. मग मी काय सांगायचं लोकास्नी? त्यापरास लबाडी केली म्हन की! मी माफ करून मोकळा हुतो."

"केली न्हाय तर कसं म्हनू? तू मोजलंतास का तुझं राऊंड?"

मगदूम पुन्हा खुर्चीत बसले. "पळवणाऱ्याला मोजाय येतंय व्हय? हात वर केला कारन म्होरं कोन नव्हतं." मग मुलाला हाक मारून तीन चहा सांगितले.

संध्याकाळी आम्ही सुशीलाबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"रसूलभावजी, एवढंच सांगा. आमचं हे जितलेलं का न्हाय?"

"वैनी, ठाव न्हाय."

"ठाव न्हाय म्हनून ढाल कोन देतंय? तुमी द्या म्हना, मी देतो; ऱ्हाऊ द्या म्हना, ठिवतो. काय ते एक बोला."

शिकलगार चपला घालायला उठले. सुशीलाबाईंनी पुढे संयोजकांना सत्काराला येणार नसल्याचा निरोप पाठवला. त्या संध्याकाळी आम्ही निघताना दारात त्या म्हणाल्या, "माइकवर बोलायचं तर बोला. पन माझ्या मालकाला चोर म्हनू नका." शिकलगार म्हणाले, "बाळू चोर नव्हता वैनी. चूक आसंल तर माझी."

माइकवर ते एवढेच बोलले. बाळूने शर्यत इमानाने पळवली, आप्पाने पण. मोजणारा मी होतो. माझी नजर मित्राकडे गेली असेल, नसेल, मला आज सांगता येत नाही. निकाल चुकला असू शकतो. कुणी आप्पाला हरलेला म्हणू नये आणि कुणी बाळूची ढाल मागू नये.

लोकांना काय करायचे ते समजले नाही. काहींनी टाळ्या वाजवल्या, मागून शिट्या आल्या, एकाने ओरडून विचारले, "मग जितलं कोन?" निवेदकाने गोंधळ मिटवण्यासाठी माइक घेऊन मगदूम यांना विजयी घोषित करून टाकले. शिकलगार पुन्हा मंचावर चढले. "आसं मी म्हनलो न्हाय," असे ते दोनदा म्हणाले. तोवर अंतिम फेरीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. त्या आवाजात ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेले. मगदूम त्या दिवशी आले नव्हते.

नंतरचे सहा महिने पेठेत दोन तट पडले. काही जण शिकलगार यांच्या दुकानासमोरून न बोलता जात. काही जण मुद्दाम थांबून 'खरं बोलला चाचा' म्हणत. दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर ते जास्त चिडत. "खरं काय, ह्यास्नी कसं कळलं? मला कळंना झालंय." सुशीलाबाईंकडचे त्यांचे जाणे थांबले होते. आपण काही वाईट केले का, असे त्यांनी मला विचारले होते. मला ठाऊक नाही, असे मी सांगितले. त्यावर ते खूश झाल्यासारखे दिसले. "आता कसं! तुमीबी माझ्या बाजूलाच आला की."

यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे, रसूल शिकलगार यांचे राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. सकाळी साडेदहाला दफन झाले. आप्पासाहेब मगदूम जयसिंगपूरहून मुलाच्या गाडीने आले होते. त्यांनी जनाज्याला खांदा दिला. कब्रस्तानातून ते थेट सुशीलाबाईंच्या घरी गेले. त्यापूर्वी ते त्या घरी कधी गेले नव्हते. त्यांचा मुलगा आणि मी सोबत होतो.

सुशीलाबाईंनी त्यांना बसायला सांगितले आणि चहा टाकला. चहा झाल्यावर मगदूम यांनी भिंतीवरची ढाल बघू का, असे विचारले. सुशीलाबाईंनी ती काढून दिली. मगदूम यांनी चष्मा लावून त्यावरचे नाव मोठ्याने वाचले, पदराला हात पुसत उभ्या असलेल्या सुशीलाबाईंकडे एकदा पाहिले आणि स्टुलावर चढून ढाल स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला अडकवली. तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.