हँडओव्हर घेणाऱ्या मावशी

मावशी कुठलंही मूल लगेच कडेवर घेत नसत. आधी दोन बोटांनी हनुवटी धरायची, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवायचं, डोळे नीट बघायचे आणि मग आईबापाला म्हणायचं, "हं, द्या हँडओव्हर." किती वाजता झोपलं, सकाळी काय खाल्लं, पोट साफ झालं का आणि मोबाईल किती बघितला, या चार प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय त्यांच्या आकुर्डीतल्या पाळणाघरात मुलाला प्रवेश नव्हता. घाईत असलेले आईबाप चरफडायचे. मावशींवर त्याचा ढिम्म परिणाम होत नसे.

ही सवय कंपनीतली. मावशी मूळच्या लातूरकडच्या. लग्नानंतर इकडे आल्या आणि तळवड्यातल्या एका लहान कारखान्यात नऊ वर्षं तपासणीच्या टेबलावर बसल्या. रबरी वॉशर ट्यूबलाइटसमोर धरायचा आणि चीर दिसली की बाजूला टाकायचा, हे काम. डोळे दुखायला लागले तेव्हा नोकरी सोडली आणि राहत्या दोन खोल्यांत मुलं सांभाळायला सुरुवात केली. "वॉशर खराब निघाला तर फेकता येतोय," त्या म्हणायच्या. "लेकरू कुठं फेकायचं? त्याला नीट बघूनच घ्यावं लागतंय."

मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. हँडओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना, मशीनची खरी हालत पुढच्या माणसाला सांगायची, लपवलंत तर उद्या कुणाचा तरी हात जाईल, हे मी माझ्या हाताखालच्या पोरांना उठता-बसता ऐकवतो. आणि हाच मी मावशींच्या दारात दोन महिने रोज खोटं बोललो.

त्याचं कारण आमची मनू. तिसरं वर्ष लागायला आलं तरी ती बोलत नव्हती. म्हणजे तोंडातून शब्द निघायचे, पण ते तिचे नव्हते. मोबाईलमधली इंग्रजी गाणी, रंगांची नावं आणि 'सबस्क्राइब' हे सगळं स्वच्छ यायचं. तहान लागली की मात्र बोट धरून माठाकडे ओढायची. 'पाणी' म्हणायची नाही. डॉक्टरांनी कान तपासून घेतले, ते ठणठणीत होते. "स्क्रीन बंद करा आणि तिच्याशी बोला," एवढंच ते म्हणाले. ऐकायला सोपं होतं. माझी बायको रूपाली सकाळी सातच्या कॅबने ऑफिसला जायची, माझी कंपनीची बस साडेआठला. मधल्या दीड तासात डबा, दाढी, मनूची अंघोळ आणि खाणं. समोर मोबाईल ठेवला की ती तोंड उघडायची आणि मी दूध-पोळीचे घास आत सारायचो. इलाज नव्हता, असं मी स्वतःला समजावलं होतं.

"मोबाईल?" मावशी विचारायच्या.

"अजिबात नाही."

"डोळे तर लालच दिसायलेत."

"सर्दी आहे मावशी."

"बरं," म्हणून त्या मनूला आत घ्यायच्या. त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, हे मला कळत होतं.

मनू तिथे पहिले तीन दिवस नीट जेवली नाही. मी काळजीने फोन केला तर मावशी म्हणाल्या, "पाणी पिलीय, अर्धं केळ खाल्लंय. जेवंल. तुम्ही तुमची लाईन बघा." चौथ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने वरणभात खाल्ला. निम्मा फ्रॉकवर सांडला, पण खाल्ला. मावशींचं शिकवणं म्हणजे काम करता करता बोलत राहणं. मेथी निवडायला बसल्या की मनूला पुढ्यात घ्यायच्या. "ही काडी. कुठं टाकू?" असं विचारून हातातली काडी तशीच धरून थांबायच्या. मिनिट जावो, दोन मिनिटं जावोत, स्वतः उत्तर द्यायच्या नाहीत. कधी संध्याकाळी मी लवकर गेलो की हे दृश्य दिसायचं, आणि माझाच जीव अधीर व्हायचा. "मावशी, टाका ना ती काडी!" एकदा मी बोलून गेलो. त्यांनी मलाच गप्प केलं.

मग तो सोमवार आला. मनू माझ्या कडेवर होती. हनुवटी बघून झाली. झोप, खाणं, पोट, सगळं मी घडाघडा सांगितलं.

"मोबाईल?"

"नाही मावशी."

मनूने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे आणि म्हणाली, "बाबानी दिला. मोबाईल दिला."

मग मावशी मटकन उंबऱ्यावरच बसल्या. "बोलायलंय की लेकरू!" त्यांच्या चष्म्याआड पाणी आलं होतं. मला आधी भरून आलं आणि मग लाज वाटली, इतकी की मान वर होईना. मावशींनी डोळे पुसले आणि साध्या आवाजात विचारलं, "साहेब, कंपनीत असं हँडओव्हर दिलं असतं तर?" त्या दिवशी माझी बस चुकली.

रूपालीला सांगितलं तर ती हसली आणि रडलीही. "पहिलं वाक्य, आणि तेही चुगली!" दुसऱ्या दिवसापासून मी पाऊण तास आधी उठायला लागलो. मोबाईल चपलांच्या कपाटात गेला. मनूला भरवताना काय बोलायचं ते मला सुचत नसे, म्हणून मी तिला कंपनीतल्या गमती सांगायचो. बोलायला तीही शिकली, मीही.

पुढच्या वर्षी वाकडमधल्या एका चकचकीत पाळणाघराची शाखा आमच्या भागात निघाली. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आणि कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. आईबापांनी ऑफिसात बसून मोबाईलवर आपलं मूल बघायचं. मावशींकडची मुलं एकेक करून तिकडे गेली. "लेकरांचा मोबाईल सोडवायला गेले, तर मायबापालाच लागला," एवढं म्हणून त्यांनी सामान बांधलं आणि लेकीकडे लातूरला निघाल्या. निघताना त्यांनी मनूला माझ्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच मला हँडओव्हर दिलं. झोपताना कान चोळते. वरणात गूळ लागतो. प्रश्न विचारला की उत्तराला वेळ लागतो. "तेवढं थांबत जा साहेब. आता शिफ्ट तुमची."

मनू आता सहा वर्षांची आहे. दर रविवारी रूपालीच्या मोबाईलवर मावशींचा फोन येतो. व्हिडिओ कॉल त्या घेत नाहीत, "मला दिसंना, तूच सांग" म्हणतात. मग मनूला सगळं शब्दांत सांगावं लागतं: पडलेला दात, शेजारच्या मांजरीची पिल्लं, नव्या दप्तराचा रंग. अर्धा-अर्धा तास तिचं तोंड बंद होत नाही. मी जवळ बसून ऐकतो. एके काळी मोबाईलनेच तिचे शब्द अडवले होते.

फोन ठेवायची वेळ झाली की मनू माझ्याकडे तिरक्या नजरेने बघते आणि म्हणते, "मावशी, आता बाबांचं सांगू?"

मी हातातला माझा फोन खाली ठेवतो.