दुसरी प्रत

घरच्या सर्व्हरची जुनी डिस्क आचके द्यायला लागली, आणि आमच्या तळ्याच्या लढ्याचे सगळे फोटो तिच्यातच! सत्ता एका हाती नको म्हणून चौकात बोंबलणारा मी, पण माझा सगळा पुरावा एकाच डिस्कच्या हाती. म्हणून दोन नव्या आणल्या. एकीवर जे, तेच दुसरीवर.

“सगळं उतरलं. जुनी पुसू?” ताईने विचारलं.

“खबरदार! आधी नव्यातलं उघडून बघ.”

तिने उघडलं, तर आमचा पहिला बॅनर: ‘तळं नाचवा!’

“आता एक डिस्क मेली तरी तुझं तळं नाचणार,” ती खिदळली.

खिडकीबाहेर डंपर तळ्यात भराव ओतत होता. अरे, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकीच्यासुद्धा दोन प्रती आहेत. तळ्याची एकच आहे, लेको!