गालात धरलेली गोळी

हट्टा गावात कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला द्वारकाबाईला बोलावणं यायचं. पाळणा मधात तुटू द्यायचा नाही, पाण्याचा घोटही नंतर, अशी तिकडची रीत. तिचा कधी तुटला नव्हता.

मग तिच्या तोंडाला थुंकीच सुटेनाशी झाली. भाकरी पाण्यात कुस्करून गिळायची. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुमचंच शरीर लाळेच्या ग्रंथींवर उलटलंय. गोळ्या लिहून दिल्या आणि "बघू" म्हणाल्या. द्वारकाबाईनं गोळ्या घरी आणल्या, 'बघू' तिकडंच ठेवून आली.

लेक पुजा बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. या नातीचा पाळणा आपणच म्हणायचा, एवढंच द्वारकाबाईनं धरून ठेवलं होतं.

"माय, गोळी घेतली का?"

"व्हय. गालात हाय."

"गालात काहून?"

"तोंडाची गोळी तोंडातच धरायची ना. सुपारी धरत होते तशी."

पुजानं तिला आ करायला लावला. सकाळची गोळी गालाला तशीच चिकटलेली.

"अगं, पाण्यासंगं गिळायची ही. थुंकी असती तर इरघळली असती, अन् थुंकी असती तर गोळी कशाला लागली असती?"

दोघी हसल्या. हसताना द्वारकाबाईचा ओठ चिरला, तरी ती हसतच राहिली. औषध निकामी नव्हतं, चूक आपलीच होती.

त्या दिवसापासून ती गिळू लागली. कपाळ भिजायचं, पाठ भिजायची, पदर पिळावा लागायचा. तोंड तेवढं कोरडं. पुजानं डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला.

"घाम येतोच त्या गोळीनं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ग्रंथी थोड्या तरी शिल्लक असाव्या लागतात. तुमच्या आईंच्या फारशा उरल्या नाहीत."

"म्हंजी हीर आटली अन् मोटर चालूच," द्वारकाबाई म्हणाली.

"बंद करायची का मग?" पुजानं विचारलं.

"बारसं होऊ दे."

बारशाला पुजाच्या सासरची माणसं आली. शेजारच्या सोजराबाईनं हळूच विचारलं, "द्वारके, तांब्या ठिवू का जवळ?"

"न्हाई."

"कोण बघून राहिलं?"

"नात बघती."

पहिलं कडवं निघालं. दुसऱ्यात जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. चोळी घामानं चिंब, ओठ नुसते हलत होते. पाळणा तेवढा हलत राहिला. मग सोजराबाईनं बेसूर आवाजात पुढचं उचललं.

"गरमीच लई हाय," पुजाची सासू म्हणाली. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, अनुश्री. घुगऱ्या वाटल्या.

संध्याकाळी पुजा गोळी आणि पाणी घेऊन आली. द्वारकाबाईनं पाणी बाजूला सारलं आणि गोळी गालात सरकवली.

"माय, गिळ की."

"राहू दे. तिथं असली की घाम तरी येत न्हाई."