टपावरची पाच भोकं

गाडीच्या पत्र्याला पडलेली भोकं बुजवण्यात गॅरेजांच्या त्या अख्ख्या रस्त्यावर या डेंटरचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणी कॅरिअर काढून टाके, कोणी टॅक्सीची पाटी. वस्तू जायची आणि स्क्रूची भोकं मागे राहायची. पण भोक दिसलं की या माणसाला राहवायचं नाही. इथे काय होतं? कोणी बसवलं? मग काढलं कशाला? बायको म्हणायची, "अहो, बुजवायला दिलंय तुम्हाला, उकरायला नाही."

हे उकरणं एकदा चांगलंच अंगाशी आलं. एक जोडपं गाडी घेऊन आलं. डिकीवर बारीक भोकांची रांग होती, कधीकाळी तिथे पितळी अक्षरं बसवलेली असणार. डेंटरने बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं आणि बाईमाणसाचं ते नाव खुशीत मोठ्याने वाचून दाखवलं. "वा! वहिनींचं का हे?" वहिनींचं नव्हतं. पुढचं रामायण समोरच्या टायरवाल्यापर्यंत ऐकू गेलं आणि गाडी भोकांसकट परत गेली.

डेंटरचा मेहुणा गॅरेजात भागीदार होता. रंगाचं काम त्याचं. त्याने स्प्रेगन खाली ठेवली.

"भावोजी, यापुढे गिऱ्हाइकाला असला एक जरी प्रश्न विचारलात ना, तर मी माझा कॉम्प्रेसर उचलून वेगळं दुकान टाकणार. ताईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तो बोलला म्हणजे करणार, हे डेंटरला माहीत होतं. मेहुण्याला हे काम त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं, त्याच्यावर त्याचा जीव होता. त्याने निमूटपणे कानाला हात लावला.

आणि नेमकी पुढच्याच आठवड्यात ती बाई आली. चाळिशीची असेल. "टपावर पाच भोकं आहेत. पाणी गळतं आत. बुजवून द्याल?" एवढं बोलून ती तिथेच घुटमळली. डेंटरने ओठ घट्ट मिटले, मेहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "परवा या."

त्याने आतलं छताचं कापड उतरवलं, भोकांभोवतीचा रंग घासून काढला, गंज खरवडला. नुसती पुट्टी भरून मोकळं होणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. खालून ओल लागली की ती फुगून येते, आणि मग गिऱ्हाईक शिव्या घालतं, तेही बरोबरच असतं. त्याने पत्र्याचे तुकडे कापले, बाजूला ओली फडकी ठेवली आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून थांबत थांबत वेल्डिंगचे टाके मारले.

हात चालत होते आणि डोकंही थांबत नव्हतं. चार भोकं चौकोनात, तीही ड्रायव्हरच्या दाराच्या अगदी वर. कॅरिअर नव्हे, पाटी नव्हे. पाचव्याच्या कडेला रबराची चकती, म्हणजे तिथून वायर आत गेलेली. भोंगा? पण चारही भोकं दाराच्या बाजूला ओढल्यासारखी लांबट झाली होती. भोंगा कशाला ओढेल? काहीतरी जड, रोजच्या रोज तिथून लटकत होतं. काय? जेवताना त्याने भाजीत पाणी ओतलं, तेव्हा बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "बरा आहे. फक्त विचारायचं नाहीये."

मेहुण्याने रंग मारला. असा जुळवला, की जुना कुठे संपतो ते त्यालाही सांगता येईना.

बाई आली. टपावरून हळूहळू हात फिरवला, पुन्हा फिरवला. "कुठे होती तेच कळत नाही," ती म्हणाली. काम फत्ते झालं होतं, पण तिचा चेहरा उतरला. ती दार उघडून बसली, किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली.

"माझ्या मैत्रिणीने तुमच्याकडे पाठवलं होतं," ती अखेर म्हणाली. "म्हणाली, तो माणूस फार चौकशा करतो, डोकं खातो. म्हणून मुद्दाम आले. आईला जाऊन वर्ष झालं. आता तिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. म्हटलं, तुम्ही तरी विचाराल."

डेंटरच्या ओठांवर प्रश्न आला होता. त्याने मान खाली घातली आणि ओल्या फडक्याची घडी घालू लागला. दिलेला शब्द त्याला मोडवत नव्हता आणि बाईकडे बघवतही नव्हतं.

मेहुणा स्प्रेगन पुसत उभा होता. त्याने ती बाजूला ठेवली, स्टूल ओढून गाडीच्या दाराशी आणलं आणि त्यावर बसला.

"काय होतं हो तिथे?" त्याने विचारलं.

"छोटी मोटर," बाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "आईचे पाय गेले होते. गाडी हातानेच चालवायची. बसली की चाकाची खुर्ची मिटायची, बटण दाबायचं, आणि खुर्ची आपली दोरीने टपावर! बघायला ही गर्दी जमायची. आई सगळ्यांना हात करायची."

"आणि दोरी अडकली तर?" मेहुणा म्हणाला. मग मागे वळून ओरडला, "भावोजी, तिकडे काय करताय? या ना, विचारा तुम्हाला काय विचारायचंय ते!"