हिरवा, पिवळा आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कोणालाही हिरवा रंग फुकट दिला नाही, आणि स्वतःला तर नाहीच नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते डिस्पॅच सांभाळत; पण त्यांचा खरा जीव कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. कोणाचं काम किती झालं म्हणजे चांगलं म्हणायचं, तो बेंचमार्क ठरवून त्यात भरायचं काम मालकांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. ज्याने त्याने स्वतःच्याच आजवरच्या सर्वांत चांगल्या महिन्याशी झुंजायचं, हा साडूंचा नियम. गाठला तर हिरवा, जवळपास आला तर पिवळा, नाहीतर लाल. लागोपाठ तीन महिने लाल राहिलेल्या माणसाचं नाव आपोआप मालकांपुढे जाई, आणि मग तो माणूस सहसा कंपनीत दिसत नसे.

हे खूळ ऑफिसातच राहिलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण कोपरीला आमच्या घरी आले की साडू चहाचा पहिला घोट घेऊन डोळे मिटत आणि माझ्या बायकोला सांगत, "पिवळा. गेल्या दिवाळीचा चहा आठव." लग्नात पंगतीला बसले की कल्याणच्या कुठल्याशा लग्नातली जुनी बासुंदी उकरून काढत, तिच्यापुढे पुढच्या सगळ्या बासुंद्या बिचाऱ्या लाल. आमचे सासरे गेले तेव्हा स्मशानात सगळे माना खाली घालून उभे होते, तर हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी वेळेच्या पुढे आहेत रे." मला भलत्या ठिकाणी हसू फुटलं. ते लपवायला तोंडावर रुमाल धरला, तर लोक माझंच सांत्वन करू लागले.

सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी 'कारण' असा एक रकाना होता. लाल झालेल्याने त्यात कारण लिहायचं. सगळे एकच लिहीत: शीळफाटा, म्हणजे तिथली रोजची वाहतूक कोंडी. ट्रक उशिरा पोचला, शीळफाटा. बिल उशिरा निघालं, शीळफाटा. कॅन्टीनवाल्याने उपमा करपल्याचं कारणही शीळफाटा असं लिहिलं, तेव्हा साडूंनी भडकून तो रकानाच काढून टाकला. "बहाणे वाचायला ठेवलेलं नाही मला कंपनीने," असं वर आम्हालाच ऐकवलं.

मग ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या मेहुणीला, एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. साडू दुपारीच ऑफिसातून निघून त्यांना हॉस्पिटलात नेऊ लागले, आणि पहिल्याच महिन्यात स्वतः लाल झाले. दुसऱ्या महिन्यातही झाले. नोकरी जाणार हे स्पष्ट दिसत होतं. न राहवून मी म्हटलं, "भाऊ, पासवर्ड तुमच्याकडेच आहे. स्वतःचा बेंचमार्क जरा खाली आणा ना."

"आणि ज्यांना घरी बसवलं, त्यांच्या घरी कोण आजारी आहे ते बघायला मी गेलेलो काय?"

"निदान मालकांना सांगा तरी."

"कुठे सांगू? रकाना मीच काढला ना रे."

असं म्हणून ते हसले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तिसरा महिनाही लालच गेला. आता कारभार मालकांचा मुलगा बघतो. साडूंचं नाव आपल्यापुढे आलेलं पाहून तो पोरगा गोंधळला. "काका, सिस्टिम गंडली वाटतं. एकदा चेक करा ना प्लीज." बुडत्याला दिलेला हात होता तो. साडू म्हणाले, "सिस्टिम बरोबर आहे," आणि जागेवर जाऊन राजीनामा टाइप करून आणला. ताईंबद्दल अवाक्षर काढलं नाही.

परवा डोंबिवलीला गेलो तर साडू स्वयंपाकघरात. बाहेर दिवाणावर ताई पडलेल्या, पार वाळून गेलेल्या. साडूंनी त्यांच्यासाठी बिनमिठाचा मऊ भात केला होता, आणि तो खाली लागून वर कच्चा राहिला होता. ताईंनी उठून बसत एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालाय हो."

साडूंनी पातेल्यातला थोडा चाखला. भात कसा झालाय ते त्यांना कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं ते. आता हा माणूस काय बोलतो म्हणून मी श्वास रोखून बसलो. त्यांनी तोंड उघडलं, ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरंच? मग अजून वाढू थोडा?"

ताईंची भूक केव्हाच मेली आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी त्यांनी ताट पुढे केलं.