रुख्मिणी खिल्लारेंच्या चुका

परभणीच्या एका कचेरीत रुख्मिणी खिल्लारे मराठी टायपिस्ट होत्या. मशिनवर हात चांगला बसलेला, माणसांवर विश्वास मात्र पटकन बसत नसे. त्या मूळच्या ताडकळसकडच्या. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जळालं. चौकशीला आलेला माणूस "बिनधास्त सांगा" म्हणाला, म्हणून वडलांनी सगळं खरं सांगितलं. पुढं गावात त्यांना कोणी कामाला बोलावलं नाही. बिऱ्हाड परभणीला आलं.

एक्क्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आला. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. पुण्याहून रंगनाथ नावाचा इंजिनिअर आला, मूळचा मानवतचा. टायपिस्टनं एक पत्र टाइप करायचं आणि त्यानं शेजारी बसून बघायचं, एवढंच काम. हेडक्लार्क दत्तराव पाठीमागून पुटपुटले, "जपून हं बाई. जो चुकंल तो घरी."

रुख्मिणीबाईंनी एकेक अक्षर शोधत, थांबत पत्र पुरं केलं. चूक एकही नाही. रंगनाथचं तोंड उतरलं.

"रोज एवढं हळू टाइप करता?"

"हो."

"बाई, तुमी चुका लपवायलात. मला त्याच बघायच्यात."

"कशाला? कोणाला दाखवणार?"

"तुमची चूक न्हाईच. कळांचा बोर्ड आमी मांडलाय. तो कुठं अडवतो, तेवढं बघायचंय."

असलं गोड बोलणं बाईंच्या घरानं आधी ऐकलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "मंग सगळ्यांना बोलवा. त्यांच्यासमोर सांगा, आमच्या नावानं वर काही जाणार न्हाई."

रंगनाथनं खरंच सगळ्यांना बोलावलं आणि दत्तरावांच्या देखत तसं सांगितलं. मग बाई बसल्या आणि नेहमीच्या वेगानं सुटल्या.

पडद्यावर नुसता घोळ. जुन्या मशिनवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कॉम्प्युटरला आधी अक्षर पाहिजे होतं. वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या. दत्तराव हसले. बाईंनी बोटं उचलली. रंगनाथ मात्र खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "थांबू नका."

दिवाळीनंतर तो जुन्याच सवयीनं बोटं चालतील अशी सोय करून परत आला. बाईंचं पत्र झरझर उमटलं. त्या दिवशी त्यांनी त्याला घरून आणलेली भाकर खाऊ घातली.

उन्हाळ्यात कचेरीनं दोन हंगामी टायपिस्ट कमी केल्या. काम आता लवकर उरकत होतं. त्यांतल्या कमलबाई जाताना म्हणाल्या, "तुमीच शिकवलं की त्या कॉम्प्युटरला."

रंगनाथ खोटं बोलला नव्हता. कोणाचं नाव त्यानं वर कळवलं नव्हतं. पण माणसं कमी होतील हे त्यानं सांगितलं नव्हतं, आणि रुख्मिणीबाईंनीही विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला तो नवी मशिन दाखवायला आला. त्यानं खुर्ची पुढं केली.

"आधी सांगा," बाई म्हणाल्या, "ही आल्यावर कोण जाणार?"

"ते माझ्या हातात न्हाई, बाई."

"मंग माझी बोटंबी तुमच्या हातात न्हाईत," असं म्हणून त्या आपल्या टेबलाकडं गेल्या.